दुभाष्याचं घर

शुक्रवारचा उपास सिबोनिलेनं लग्नाच्या आधीपासून धरलेला. सूर्य डोक्यावर येईपर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. त्यामुळं चुलीवर जी पेज शिजत होती ती बाकीच्यांसाठी. चिंचेचा कोळ उकळीला आला तशी तिनं चाळलेल्या राखेची चिमूट त्यात सोडली. कोळ फसफसून वर आला, आणि मग हळूहळू शांत झाला. या घरात येऊन एवढी वर्षं झाली, तरी या घटकेला तिचा हात थांबायचाच. राखेनं आंबटपणा मरतो हे पहिल्यांदा कुठल्या बाईला सुचलं असेल? आणि तिला ते देवाखेरीज कुणी सांगितलं असेल?

अंगणात मात्र कुणाला पेजेची आठवण नव्हती.

"शिंगं काढायची का?" तिची नणंद मुटिंटा विचारत होती. ती पहाटेच मासेमारीच्या तळावरून आली होती, आणि तिच्या अंगाला अजून वाळत्या मासळीचा वास होता. "राजधानीतनं पाहुणे येणार. कोरड्या हातांनी कसं बसवायचं त्यांना?"

"शिंगं मयताला वाजतात, अक्का," तिचा धाकटा भाऊ, सिबोनिलेचा नवरा मिलिमो, टायची गाठ सारखी करत म्हणाला. "कोण मेलंय?"

"अजून कुणी नाही. तू आज काय बोलतोस त्यावर आहे."

सियांगा मामा लाकडी बैठकीवर ऊन घेत बसले होते. ते हसले नाहीत, पण त्यांचे खांदे हलले.

"भाच्या, देशाची घटना लिहितायत म्हणे."

"हो, मामा. गावोगाव जाऊन विचारतायत, काय काय लिहायचं ते. आपल्याकडं आजच येणार, पुन्हा येणार नाहीत."

"त्यात भाषाही लिहिणार?"

"सरकार ज्या भाषा मानणार त्या लिहिणार. शाळेत कुठली, कोर्टात कुठली, ते त्यावरनं ठरायचं."

"मग आमची लिहा एवढंच सांगायचंय. ते मी सांगतो. मध्ये माणूस कशाला?"

"सभा घ्यायला ज्या बाई येतायत त्यांना टोंगा येत नाही, मामा."

"मला तरी तिची कुठं येते? दोघं सारखेच अडाणी. बसू समोरासमोर."

मुटिंटा खुदकन हसली. मिलिमो हसला नाही. तो वॉर्डातल्या शाळेचा मुख्याध्यापक होता. आजच्या सभेचा अध्यक्ष तोच, आणि दुभाष्याही तोच. इंग्रजी, शोना, एंडेबेले, तिन्हीत तो झोपेतून उठून भाषण करू शकला असता.

"मी मनातलं बोलू का?" तो म्हणाला. "टोंगा लिहून घेऊ आपण, चांगलं वाटेल, शिंगंही वाजवू. आणि उद्या पोरगं बुलावायोला नोकरी मागायला जाईल तेव्हा? मी या खोऱ्यातनं वर आलो तो दुसऱ्यांच्या भाषांचा दोर धरून. तोच दोर आता कापायचा? ट्वाम्बोच्या नातीचं बघा. हुशार मुलगी. इंग्रजीत नापास झाली, आणि आज मासे वाळवत बसलीय."

"माझ्याच तळावर बसलीय," मुटिंटा म्हणाली. "टोंगात पास झाली असती. पण तुमच्या परीक्षेत ते विचारतंय कोण?"

"टोंगाचं करायचं काय, अक्का? पोट भरतं का तिच्यानं?"

"पाण्याशी बोलता येतं," मामा म्हणाले. "पाऊस पाडणाऱ्या पूर्वजांशी बोलता येतं. ते तुझी इंग्रजी ऐकून घेणार आहेत का? माझ्यामागं पावसाचं ठाणं तुझ्याकडंच यायचंय, विसरलास?"

मिलिमो विसरला नव्हता. पोरं आईच्या कुळाची, त्यामुळं मामांचं नाव, पावसाचं ठाणं आणि मामांची सावलीसुद्धा भाच्याकडं जाणार. म्हणूनच एक गोष्ट दोघांनाही वर्ज्य होती. भाच्यानं चारचौघांत मामांचा शब्द खोडायचा नाही, आणि मामांनी वारसाचा पाणउतारा करायचा नाही. भांडायचं ते कुंपणाच्या आत.

"सभेत मी तुमचं सगळं सांगेन," तो शेवटी म्हणाला. "पण अध्यक्ष म्हणून मला माझं मत विचारलं तर मी माझंच देणार."

"दे की. मी फक्त एक म्हणतो." मामांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "पन्नासच्या वर वर्षं झाली, मी सरकारशी बोलतोय. एकदाही माझ्या तोंडानं बोललो नाही. मरायच्या आधी एकदा बोलायचंय."

मग मुटिंटा चुलीकडं वळली. "आणि तू गं? तुझी एंडेबेले तर आमच्या शाळेत पाटावर बसलीच आहे. तू तुझ्या नवऱ्याकडंच असणार."

"पेज निवतेय, वन्सं," सिबोनिले म्हणाली, आणि वाडगे भरू लागली. तिला या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता असं नाही. ती उत्तर देत नसे, कारण खरं उत्तर तिलाच माहीत नव्हतं.

*

शाळेकडं जाताना मुटिंटा मामांच्या पावलानं चालत होती. डाव्या हाताला तळं चमकत होतं. नकाशावर तळं, इथं त्याला कुणी तळं म्हणत नाही, नदीच म्हणतात. खाली, पाण्याच्या तळाशी, तिचं गाव होतं. तिनं ते कधी पाहिलं नव्हतं, तरी कुठल्या झाडाखाली कुणाची झोपडी होती ते ती सांगू शकली असती. डोळ्यांनी न पाहिलेलं गाव माणसाच्या आत इतकं स्वच्छ कसं उभं राहतं, हे तिला कधी कळलं नाही. ते तिला कुणीतरी टोंगातून सांगितलं होतं, एवढंच.

धरणासाठी गाव उठवलं तेव्हा मामा विशीत होते. लॉरीवर बंदूकवाले शिपाई उभे. गोऱ्या साहेबानं विचारलं, काही अडचण आहे का? मामा पुढं होऊन म्हणाले, "आमचे मेलेले इथं आहेत, त्यांना कोण उचलणार?" दुभाष्या होता मुटिंटाचा आणि मिलिमोचा बाप. खाणीत काम करून तो भाषा शिकून आला होता. त्यानं साहेबाला सांगितलं, "किती लॉऱ्या येणार, असं विचारतोय." साहेबानं खुशीनं आकडा सांगितला, आणि बापानं तो आकडा मामांना सांगितला. खाणीतून आलेला आणखी एकजण तिथं होता, म्हणून पुढं हे सगळ्यांना कळलं. बाप भ्याला होता की त्यानं गावाला गोळ्यांतून वाचवलं होतं, हे तो कधी बोलला नाही. तेव्हापासून त्यांच्या घराला दुभाष्याचं घर म्हणतात, आणि कौतुकानं म्हणत नाहीत.

"मामा, तुम्ही माझ्या बापाला कधी काही बोललात?"

"तो माझ्या बहिणीचा नवरा होता," मामा म्हणाले, आणि काही पावलं चालून थांबले. "आज थंडी आहे नाही?"

*

शाळेपुढची गोरखचिंच इतकी थोरली होती, की तिच्या सावलीत सगळा वॉर्ड बसला तरी बुंध्याची एक बाजू मोकळी राहिली. पुरुष बाकांवर, बायका जमिनीवर पाय पसरून. समोर टेबल. राजधानीहून आलेल्या मव्हुंगाबाई शोना बोलणाऱ्या, पोक्त, दमलेल्या. शेजारी लिहून घेणारी मुलगी बुलावायोची. कडेला एक पोलीस, उन्हात टोपी सावरत.

मव्हुंगाबाईंनी सुरुवातीलाच नियम सांगितला, आणि मिलिमोनं तो एंडेबेलेत आणि टोंगात केला. "इथं कुणीही काहीही मागावं. पण बोलणाऱ्याला कुणी धमकावलं तर सभा तिथंच बंद. त्या वॉर्डाचं काही लिहिलं जाणार नाही. दोन ठिकाणी तसं करावं लागलंय."

लोकांनी टाळ्यांच्या हलक्या ठेक्यानं मान दिला. बोअरवेलचं झालं, हत्ती शेतात घुसतात त्याचं झालं. मिलिमो पाण्यासारखा वाहत होता. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. या कामात त्याला स्वतःचा विसर पडे, आणि तो विसर त्याला आवडे.

मग सियांगा मामा उठले. काठी टेकत पुढं आले आणि घसा साफ करू लागले.

बायकांत चाललेली भोपळ्याच्या हुक्क्याची गुडगुड थांबली. ट्वाम्बो म्हातारीनं नळी तोंडातून काढली. पुढचे वरचे दात जुन्या रिवाजाप्रमाणं कोवळ्या वयात काढलेले, त्यामुळं तिचं हसू बाळासारखं दिसायचं.

"बस खाली, म्हाताऱ्या हत्ती," ती म्हणाली. "तुला अजून पुरलं कसं नाही? पाहुण्यांपुढं तोंड उघडलंस तर आज संध्याकाळी मीच तुला मगरीला घालते. आणि रडणार नाही, आधीच सांगते. मगरीसाठी रडेन, तिचं पोट दुखेल म्हणून."

सगळं झाड हसलं. बाकांवरचे म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. मामांचा चेहरा उजळला. आता कुठं सभेला सुरुवात झाली होती.

आणि मिलिमोनं, तसाच वाहता वाहता, टेबलाकडं वळून ते इंग्रजीत सांगून टाकलं. "ती म्हणते, हा माणूस बोलला तर आज संध्याकाळी मी त्याला मगरीला घालीन."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ते ऐकू आले.

मव्हुंगाबाईंचं पेन थांबलं. त्यांनी पोलिसाकडं नुसतं पाहिलं. तो बायकांमधून वाट काढत ट्वाम्बोपाशी गेला आणि तिच्या दंडाला हात घातला. हुक्का आडवा झाला, पाणी मातीत गेलं. हसू कडेकडेनं विझत गेलं.

"बाई, ती थट्टा आहे," मिलिमो म्हणाला.

"धमकी देणारे सगळीकडं हेच म्हणतात, सर. थट्टा होती."

"आमच्यात तसं असतं. ती पाखरकुळाची, मामा हत्तीकुळाचे. ती त्यांना काहीही बोलू शकते."

"काहीही? ठार मारीन असंसुद्धा?"

"हो, म्हणजे, नाही..." त्याच्याकडं तीन भाषा होत्या, आणि तिन्ही रिकाम्या गोण्यांसारख्या पडल्या होत्या. तो जितकं समजावत होता तितका ट्वाम्बोचा गुन्हा वाढत होता. मव्हुंगाबाई उठून कागद गोळा करू लागल्या.

"अरे, सांग तिला!" मुटिंटा मागून ओरडली. "मामा गेले की त्यांना अंघोळ कोण घालणार ते सांग! खड्डा कोण खणणार ते सांग!"

ते त्याला माहीत होतं. हत्तीकुळाचा माणूस गेला की घरच्यांच्या हातापायातलं बळ जातं, तेव्हा पाखरकूळ येतं, मयत धुतं, माती देतं, आणि रडणाऱ्यांना हसवून जेवायला बसवतं. ज्याला तुम्हाला पुरायचा हक्क आहे तोच तुम्हाला जिवंतपणी असं बोलू शकतो. भर सभेत ट्वाम्बोनं मामांना मगरीला घालायचं म्हटलं, त्याचा अर्थ इतकाच होता की भिऊ नको, मी इथं आहे. मिलिमोच्या तोंडातून ते पलीकडं गेलं, आणि प्रेमाचा गुन्हा झाला. एवढ्या वर्षांत आपण पलीकडं नेताना असं काय काय वाटेत मारलं असेल?

बायकांच्या रांगेतून सिबोनिले अर्धी उठली. "चोलवेचे बाबा," ती हळू म्हणाली, "अशा पुरणाऱ्यांना त्यांच्यात साविरा म्हणतात. शोना लोकांत. साविरा म्हणा."

त्यानं म्हटलं. एवढा एकच शब्द, मव्हुंगाबाईंच्या भाषेतला. "ती त्यांची साविरा आहे, बाई."

मव्हुंगाबाई तशाच उभ्या राहिल्या. वारा तळ्यावरून आला आणि टेबलावरचे कागद हलले. त्या बोलल्या तेव्हा शोनात बोलल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "माझे वडील गेले तेव्हा त्यांची साविरा त्यांचा कोट घालून अंगणात फिरली. त्यांच्यासारखी खोकली. आईला आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं." मग पोलिसाकडं वळल्या. "सोडा त्यांना. हात काढा."

ट्वाम्बोनं दंड झटकला. "माझं पाणी सांडलंस," ती पोलिसाला म्हणाली, "आता तुलाही मीच पुरणार." या वेळी मिलिमोनं काही सांगितलं नाही. पोलिसाला ते कळलं असावं. तो हुक्का सरळ करून ठेवत होता.

"आजोबांचं ऐकायचंय मला," मव्हुंगाबाई बसत म्हणाल्या. "पण आधी अध्यक्ष. भाषेच्या रकान्यात या वॉर्डाचं काय लिहू? तुम्ही शिकलेले आहात. तुमचं मत सांगा."

*

सिबोनिलेनं नवऱ्याला उभं राहताना पाहिलं आणि तिच्या बोटांनी खिशातली जपमाळ धरली. तो काय बोलणार ते तिला ठाऊक होतं. दोराचं बोलणार, बुलावायोचं बोलणार. मामा खाली मान घालतील, आणि रिवाजाप्रमाणं कुणीच काही बोलणार नाही.

तो टेबलाकडं पाठ करून लोकांकडं तोंड करून उभा राहिला, आणि टोंगात बोलू लागला.

घरात तो टोंगाच बोले. पण शाळेच्या अंगणात, टाय बांधून, सरकारच्या माणसांसमोर त्याची टोंगा तिनं कधी ऐकली नव्हती. आवाजच वेगळा होता. एखाद्या माणसाबरोबर जन्म काढावा आणि त्याच्या घरातली एक खोली आपण पाहिलीच नव्हती असं कळावं, तसं तिला झालं.

मुलगी पेन उचलून थांबली. "काय म्हणतायत?" मव्हुंगाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. दुभाष्या होता तोच बोलत होता. ज्यांना दोन्ही बाजू येत होत्या ती दोन-चार माणसं बाकांवर चुळबुळत होती. पण मुख्याध्यापकाच्या तोंडात तोंड कोण घालणार?

सिबोनिले उठली. आपण उठतोय हे तिला उठल्यावर कळलं. ती त्या मुलीजवळ जाऊन उभी राहिली आणि आपल्या आईच्या एंडेबेलेत सांगू लागली.

"ते म्हणतात, पहिलीत पोर येतं ते बडबड करत येतं. त्याला आवरावं लागतं. चौथीत मी त्याला दुसऱ्याच्या भाषेत बसवतो, आणि ते गप्प होतं. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहितो, शांत आणि शिस्तीचा मुलगा. वीस वर्षं मी असं लिहिलं. त्यांना शांत मीच केलं होतं."

मिलिमो थांबला. त्यानं बायकोकडं पाहिलं. तिला वाटलं तो तिला खाली बसायला सांगेल. तो पुढं बोलला, सावकाश, तिला पेलेल इतक्या तुकड्यांत.

आणि तो तुकडा ऐकून तिनं नजर जमिनीवर नेली. गाळता आलं असतं. गाळलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. लिहिणारी मुलगीही एंडेबेलेच होती, तिलाही बरं वाटलं असतं. देवा, तिनं मनात म्हटलं, आजच्या उपासाचं पुण्य नको, मला फक्त हे वाक्य संपेपर्यंत धर.

"ते म्हणतात," तिचा आवाज खाली गेला, "ती भाषा माझ्या बायकोची आहे. गोड आहे. माझ्या पोरांना तिनं त्याच भाषेत निजवलं. पण शाळेत ती खोऱ्यातल्या पोरांच्या तोंडावर ठेवलेला हात झाली. हात माझा होता. आज मी तो काढतो. टोंगा लिहा. इंग्रजी शिकवू, एंडेबेलेही शिकवू, पण पोरगं बोलत बोलत शिकेल. आधी टोंगा लिहा."

मुलगी लिहीत होती. तिचे कान लाल झाले होते, पण ती लिहीत होती.

मग सियांगा मामांनी तळहात जुळवले आणि हळू ठेक्यात टाळी धरली. भाच्यानं मामांना द्यायचा मान मामा भाच्याला देत होते. असं कुणी पाहिलं नव्हतं. मिलिमोनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला, आणि मुटिंटा, जी कुणापुढं मऊ होत नसे, मातीत बोट फिरवत बसली.

"आजोबा," मव्हुंगाबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी भाषांतर कोण करेल? सर करतील ना?"

सिबोनिलेनं ते टोंगात सांगितलं. मामांनी काठी उचलून तिच्याकडं रोखली.

"ही."

"मामा, मी बाहेरची," ती म्हणाली. "तुमचा एखादा शब्द माझ्याकडून सांडला तर?"

"मला तुझी भाषा येत नाही, सुनबाई. तू काय सांगितलंस ते मला कळलं नाही. पण मघाशी एका जागी तुला लाज वाटली, आणि तू तरी बोललीस. ते मी पाहिलं." ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. वाऱ्यानं त्यांचा शर्ट शिडासारखा फुगला, आणि त्या वाळक्या देहात केवढी छाती आहे ते तिला पहिल्यांदा दिसलं. "त्यांना सांग, मी नदीपासून सुरू करणार आहे. वेळ लागेल."

सिबोनिलेनं सांगितलं.

मव्हुंगाबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. मुलीनं कोरं पान उलटलं. ट्वाम्बोनं रिकामा हुक्का बाजूला सारला आणि ती मामांकडं तोंड करून बसली.

मामा बोलू लागले.